पंढरपुरात भीमेची चंद्रभागा का होते?

आषाढीला पंढरपूरला गेलात तर कुणीही वारकरी म्हणेल, "चला, चंद्रभागेत स्नान करून येऊ." आता नकाशा उघडा आणि चंद्रभागा शोधा. तिथे लिहिलेलं असेल भीमा. नदी तीच, पाणीही तेच. मग नाव का बदललं?

आधी भीमेचा उगम पाहू. पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर आहे. त्रिपुरासुराशी लढून दमलेल्या शंकराच्या घामातून ही नदी निघाली, अशी तिथली कथा. भूगोलाची गोष्टही कमी गमतीची नाही. भीमाशंकरहून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा लांब नाही. तरी भीमा तिकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला निघते, कारण दख्खनचं पठार पूर्वेकडे कललेलं आहे. ताट एका बाजूने किंचित उचललं की आमटी दुसऱ्या कडेला धावते ना, तसंच. सह्याद्री ही या ताटाची उचललेली कड.

डोंगरात उतार तीव्र असतो, तिथे नदी धावत सुटते. पंढरपूरपर्यंत येता येता ती समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर उतरलेली असते आणि भोवती सपाट शेतजमीन लागते. सपाटीवरची नदी सहसा सरळ जात नाही. प्रवाहात कुठे जरासा बाक आला की बाहेरच्या काठावर पाणी जोरात आपटतं आणि माती खरवडतं. आतल्या काठाशी ते संथ होतं, म्हणून हातातली वाळू तिथे टाकतं. एक काठ झिजतो, दुसरा भरतो आणि बाक वाढत जातो. नदीचं वळण असं तयार होतं. पंढरपूरला भीमा अशीच वळते, चंद्रकोरीसारखी. म्हणून ती चंद्रभागा! (आणि तिथे वाळवंट म्हणजे उंटांचं वाळवंट नव्हे. नदीपात्रातल्या वाळूला पंढरपूरकर वाळवंट म्हणतात.)

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. विमान नाही, उपग्रह नाही, काठावर उभं राहिलं तर वळणाचा जेमतेम एक तुकडा दिसतो. तरी लोकांनी मनातल्या मनात अख्खी कोर जुळवली.

चंद्रभागा हे नाव हिमालयातही आहे. हिमाचल प्रदेशात लाहौलमध्ये तांडी गावाशी चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि पुढे चंद्रभागा, म्हणजेच चिनाब होते. तिकडचं नाव संगमातून आलं, आपलं आकारातून.

संगम झाला की कुणाचं नाव टिकणार, हा प्रश्न दरवेळी येतोच. पुण्यात मुळा आणि मुठा मिळाल्या, तेव्हा कुणीच माघार घेतली नाही. नदी मुळा-मुठा झाली. पण तीच पुढे भीमेला मिळते तेव्हा दोन्ही नावं संपतात. इंद्रायणीचं तुळापूरला तेच होतं, नीरेचं नीरा नरसिंहपूरला, सीनेचं सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलला. या कुडलच्या देवळात शके 940, म्हणजे इ.स. 1018 चा लेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत तो मोडतो. गंमत म्हणजे 'कूडल' हा कन्नड शब्द आहे आणि त्याचा अर्थच संगम. म्हणजे 'कुडल संगम' म्हणणारे 'संगम संगम' म्हणतात!

इतक्या नद्यांची नावं पोटात घेणारी भीमा उगमापासून 861 किलोमीटर चालून कर्नाटकात रायचूरच्या उत्तरेला कृष्णेला मिळते, आणि तिथे तिचं स्वतःचं नाव संपतं. पाणी मात्र बंगालच्या उपसागराकडे जातच राहतं. विजयवाड्याच्या पुलांखालून जाणाऱ्या त्या पाण्यात भीमाशंकरचा पाऊस असतो, पुण्याची मुठा असते, पंढरपूरची चंद्रभागाही असते. तिथली माणसं त्याला कृष्णाच म्हणतात.