कुलवृत्तांतातल्या नऊ ओळी

आमच्या कुलवृत्तांतात पणजोबांच्या नावाखाली नऊ अपत्यांची नोंद आहे. नऊ ओळी, एकाखाली एक. त्यातल्या पाच ओळींपुढे 'बालपणी निधन' एवढंच. एकाला तर नावही नाही. बारशाआधीच गेलं असणार. उरले दोन मुलगे आणि दोन मुली. सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या या नोंदी साधारण १९०५ ते १९२५ या काळातल्या. लोकसंख्याशास्त्रातले आलेख मी नंतर पाहिले, पण त्यांचा अर्थ मला या पानावर कळला.

त्या काळी पुण्यात मरण घरोघरी होतं. १८९७च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुढे १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ आली. १९११च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या २५.२१ कोटी होती, ती १९२१मध्ये २५.१३ कोटी भरली. म्हणजे घरोघरी इतकी बाळंतपणं होऊनही दहा वर्षांत माणसं वाढली नाहीत, उलट घटली. त्यानंतर मात्र एकाही जनगणनेत आकडा खाली आलेला नाही, म्हणून १९२१ला महाविभाजनाचं वर्ष म्हणतात.

नेमक्या त्याच वर्षी रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा, पुण्यात शिकलेला. पुढे नोकरी गेली, खटले झाले, तरी 'समाजस्वास्थ्य' मासिक त्यांनी १९२७पासून १९५३मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. सरकारचा कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू झाला तो १९५२मध्ये. वाड्यातल्या बायकांच्या शरीराची झीज कर्व्यांना एवढी आधी दिसली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण लोकांनी मुलं कमी होऊ देण्याआधी मुलं जगायला लागावी लागतात. १९५१च्या सुमारास भारतीयांचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ माणसं बत्तिशीत मरत होती असा नाही. पाळण्यातच इतकी मुलं जात की सरासरी खाली यायची. पाचवं वर्ष ओलांडलेल्या मुलाला त्याहून बरंच मोठं आयुष्य मिळायची शक्यता असायची. मग लसी आल्या, मलेरिया आटोक्यात आला, पिंपरीत पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. १९७१मध्ये देशात दर हजार जन्मांमागे १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. २०२०मध्ये २८, आणि महाराष्ट्रात १६.

आता पुन्हा आमचं पान. आजोबा आणि त्यांचे भाऊ, या दोघांना मिळून नऊ मुलं झाली. एक गेलं, आठ जगली. चार मुलगे, चार मुली. या चार मुलग्यांनी, म्हणजे माझे वडील आणि काका-मंडळींनी, दोनावर थांबायचं ठरवलं. त्यांची मिळून आठ. जरा हिशेब बघा: जोडपी एक, दोन, चार. प्रत्येकी मुलं नऊ, साडेचार, दोन. एकूण जन्म नऊ, नऊ, आठ! 'हम दो हमारे दो' तंतोतंत पाळूनही घरातले पाळणे कमी झाले नाहीत, कारण पाळणा हलवणारी जोडपी दुप्पट होत गेली. शिवाय म्हातारी माणसं टिकली. १९२५ साली घरात सहा माणसं होती. १९८०मध्ये, लग्न होऊन गेलेल्या आत्या सोडूनही, आम्ही वीस होतो.

याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९२-९३मध्ये देशात दर बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, २०१९-२१मध्ये २.०, महाराष्ट्रात तर १.७. पिढीची जागा पिढीने घ्यायला साधारण २.१ लागतात. आपण त्याच्या खाली आलोय, तरी संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार देशाची लोकसंख्या २०६०च्या दशकापर्यंत वाढत राहील आणि १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरेल. त्या वाढीतल्या बहुतेक आया आधीच जन्मलेल्या आहेत किंवा लवकरच जन्मतील.

हिंजवडीच्या वाटेवर गाडी अडकली की 'लोकसंख्या किती वाढलीय' असं सगळेच म्हणतात. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१मध्ये दहा लाख होती, २०११मध्ये सतरा लाखांवर गेली. दहा वर्षांत सत्तर टक्के! बाळंतपणांनी एवढी वाढ होत नाही. ही माणसं मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, परप्रांतांतून कामाला आली. त्यांच्या गावाकडचे पाळणेही कमीच झाले आहेत.

जन्म घटले की अर्थव्यवस्थेला काही काळ वाऱ्याची साथ मिळते. सोपा हिशेब आहे: ७०ला वाढीच्या टक्क्याने भागलं की दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. १९५० ते १९८० या काळात उत्पन्न वर्षाला साडेतीन टक्क्यांनी वाढत होतं, माणसं दोन टक्क्यांहून जास्त. डोईमागे उरत होता दीडहून कमी, म्हणजे दुप्पट व्हायला जवळपास पन्नास वर्षं. आजोबा ज्या सायकलवरून नोकरीला लागले, तिच्यावरूनच निवृत्त झाले. १९९१नंतर उत्पन्नाचा वेग सहाच्या पुढे गेला आणि माणसांचा दोनच्या खाली आला. पन्नासाची सतरा-अठरा वर्षं झाली. वडिलांनी एकाच नोकरीत सायकल, स्कूटर आणि मोटार पाहिली.

याच छोट्या कुटुंबाने एक वाईट गोष्टही केली. दोनच मुलं हवीत आणि त्यात मुलगा हवाच, या हट्टाला सोनोग्राफी मिळाली. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सर्वांत आधी, १९८८मध्ये, कायदा केला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या मुलींचं प्रमाण २००१मध्ये हजार मुलग्यांमागे ९१३ होतं, ते २०११मध्ये ८९४वर आलं. या ओळी कुठल्याच कुलवृत्तांतात नसतात.

माझ्या पिढीतल्या चार भावांना मिळून पाच मुलं, त्यातली तीन परदेशात. वडिलांच्या पिढीतल्या आठही जणांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. महाराष्ट्रात २०११मध्येच दहातला जवळपास एक माणूस साठीपुढचा होता. औषधांचे डबे भरणं, बँकेत नेणं, रात्री-अपरात्री दवाखाना गाठणं हे सगळं आम्ही चौघी बहिणी करतो. ज्यांच्या नावापुढे 'सासरचे नाव' एवढं लिहून ओळ संपते, त्या आम्ही.

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे, तिचा फॉर्म गेल्या महिन्यात आला. अपत्यांसाठी अजूनही नऊ ओळी आहेत. धाकट्या भावाने एक भरली, बाकीच्यांवर तिरकी रेघ मारली. या वेळी लग्न झालेल्या मुलींच्या अपत्यांसाठीही रकाना आहे. मी माझ्या लेकीचं नाव त्यात लिहून पाठवलं.