शेवटच्या मेगावॉटचा भाव

वीजदरवाढीची बातमी आली की ‘बाजार मोकळा करा, वीज आपोआप स्वस्त होईल’ असे एक बाजू म्हणते आणि दुसरी बाजारालाच लुटारू ठरवते. वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवता येते, हे मात्र दोघेही नकळत गृहीत धरतात. ग्रिडवर, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर, या क्षणी जेवढी वीज खर्च होते, जवळजवळ तेवढीच याच क्षणी तयार व्हावी लागते. तूट पडली की जनित्रे मंदावतात आणि वारंवारता, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला जितकी आवर्तने करतो तो आकडा, घसरते.

म्हणून घाऊक वीजबाजारात तासातासाचा, कुठे त्याहूनही लहान कालखंडाचा, लिलाव होतो. समजा, मागणी १०० मेगावॉट आहे. पवनवाल्याने ४० मेगावॉट शून्य भावाने देऊ केले, कोळसावाल्याने ४० मेगावॉट युनिटला ३ रुपयांनी आणि गॅसवाल्याने उरलेले २० मेगावॉट ८ रुपयांनी. भाव ठरतो ८ रुपये, आणि तो तिघांनाही मिळतो. हा अन्याय वाटतो खरा. पण ज्याची त्याची बोलीच त्याला दिली असती, तर पवनवाल्याने शेवटचा भाव काय निघेल याचा अंदाज बांधून साडेसातची बोली लावली असती. सर्वांना एकच भाव मिळतो, म्हणूनच आपला खरा चालू खर्च सांगणे प्रत्येकाच्या फायद्याचे ठरते आणि सर्वांत स्वस्त केंद्रे आधी चालतात. एखाद-दुसऱ्याच्याच हाती बरीच केंद्रे असली तर हे गणित बिघडते, पण तो वेगळा विषय आहे.

आता पवन आणि सौर केंद्रे वाढली की गॅसचे केंद्र क्वचितच चालते आणि भाव पुष्कळ तास शून्याजवळ राहतो. जर्मनीत तर तो कधीकधी शून्याखालीही जातो. (यावरून ऊर्जा फुकट झाली असे मानणारे आणि चुंबकावर अखंड चालणारे यंत्र विकणारे मला एकाच पंगतीतले वाटतात.) वर्षातून मोजके तास चालणाऱ्या केंद्राच्या कर्जाचे हप्ते मग कोण भरणार? अमेरिकेतील टेक्सास राज्याचे उत्तर होते की टंचाईच्या तासांत भाव भडकू द्यावा, त्यातूनच ते निघतील. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे, थंडीने गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रे गोठली असताना, तेथील ६० हर्ट्झची वारंवारता चार मिनिटांहून अधिक काळ ५९.४ च्या खाली राहिली. नऊ मिनिटे तशी राहती, तर अनेक केंद्रे आपोआप ग्रिडपासून सुटली असती. एरवी बहुतेक तास दोन आकडी असणारा भाव नियामकाच्या आदेशाने मेगावॉट-तासाला (म्हणजे हजार युनिटला) ९,००० डॉलरच्या कमाल मर्यादेवर ठेवला गेला, पण गोठलेल्या विहिरीतून गॅस काही भावाला भुलून वर येत नाही.

त्यानंतर तेथे दुपारी स्वस्त वीज साठवून संध्याकाळी विकणाऱ्या बॅटऱ्या झपाट्याने उभ्या राहिल्या, आणि ते श्रेय बाजाराला द्यायलाच हवे. पण त्यांतील बहुतेक एक-दोन तासांत रित्या होतात; २०२१ च्या त्या थंडीत ग्रिड वाचवण्यासाठी करावी लागलेली वीजकपात सुमारे ७० तास चालली होती.