मृत्यूदराचा छेद

तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींमधील एक निवृत्त अभियंते मला अजूनही मधूनमधून मोबाइलवरचा एक जुना संदेश दाखवतात. ऑगस्ट 2021मध्ये इस्रायलमधील गंभीर कोविड रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी लशीचे दोन डोस घेतलेले होते, असे त्यात म्हटले आहे आणि शेवटी ‘मग लस घेऊन काय साधले?’ असा प्रश्न आहे. संदेश खोटा असता तर काम सोपे होते. अडचण अशी आहे की त्यातील आकडा खरा आहे. अर्धवट लसीकरण झालेले वगळले, तर 15 ऑगस्ट 2021 रोजी तेथे 515 गंभीर रुग्ण होते आणि त्यांतील 301 जण, म्हणजे शेकडा 58, लसवंत होते. जानेवारी 2021मध्ये कोव्हिशील्डचे पहिले साठे ज्या पुण्यातून देशभर रवाना झाले, त्या पुण्यातही हा आकडा सुशिक्षितांना गोंधळात टाकतो, म्हणून त्याचा हिशेब जरा सावकाश मांडतो.

शाळेत अपूर्णांक शिकताना आपण अंश आणि छेद हे दोन शब्द शिकलो. किती माणसे दगावली हा अंश आणि ती कितींपैकी दगावली हा छेद. बातमीत बहुधा अंश येतो आणि छेद गळून पडतो. हेल्मेटसक्तीविरुद्ध हिरिरीने लढलेल्या आपल्या शहराला हेल्मेटचेच उदाहरण पटावे. उद्या पुण्यातील प्रत्येक दुचाकीस्वाराने हेल्मेट घातले, तर अपघातात मरण पावणारा प्रत्येक दुचाकीस्वार हेल्मेटधारीच असेल, कारण दुसरा कोणी रस्त्यावर उरलेलाच नसेल. यावरून हेल्मेट निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही.

आता एक काल्पनिक हिशेब पाहू. एका वस्तीत 10,000 ज्येष्ठ नागरिक आहेत, त्यांतील 9,000 जणांनी लस घेतली आहे आणि 1,000 जणांनी घेतलेली नाही. लस न घेतलेल्यांत शंभरी एक माणूस दगावतो आणि लशीमुळे हा धोका एक दशांशावर येतो, असे धरू. मग लस न घेतलेल्यांत 10 मृत्यू होतील आणि घेतलेल्यांत 9. म्हणजे मृत्यूचा धोका नव्वद टक्क्यांनी कमी करणारी लस असूनही मृतांतील जवळजवळ निम्मे लोक लसवंत असतील, आणि लसीकरण जितके वाढत जाईल तितका हा वाटाही वाढत जाईल.

इस्रायलचे आकडे मात्र याच्याही पुढे जातात, आणि मला त्यांचे खरे आकर्षण तेथूनच वाटते. छेद घालून पाहिले, तर लस न घेतलेल्या सुमारे 13 लाख लोकांत 214 गंभीर रुग्ण होते, म्हणजे लाखामागे 16.4, दोन डोस घेतलेल्या सुमारे 56 लाखांत 301, म्हणजे लाखामागे 5.3. यावरून लशीची परिणामकारकता, म्हणजे लशीमुळे गंभीर आजाराचा धोका किती टक्क्यांनी कमी झाला तो आकडा, साधारण 67 टक्के निघते. ती वाईट नाही, पण चाचण्यांच्या वेळी जी नव्वदीच्या पुढे सांगितली गेली होती तिच्यापेक्षा पुष्कळ कमी आहे. आता हीच माणसे वयाच्या दोन गटांत विभागू. पन्नाशीच्या आतील लस न घेतलेल्यांत लाखामागे 3.9 गंभीर रुग्ण होते आणि लसवंतांत 0.3, परिणामकारकता जवळजवळ 92 टक्के. पन्नाशीच्या पुढे हेच प्रमाण अनुक्रमे 91.9 आणि 13.6, परिणामकारकता 85 टक्के. एका गटात 92, दुसऱ्यात 85, आणि दोन्ही गट एकत्र केले की 67! सरासरी दोघांच्या मध्ये कोठे तरी यावी अशी आपली अपेक्षा असते; येथे ती दोघांच्याही खाली गेली आहे.

बेरजेत कोठेही चूक नाही. पहिल्यांदा वयाचा प्रभाव पाहा: लस न घेतलेल्यांमध्येच पन्नाशीपुढील माणसाचा धोका पन्नाशीच्या आतील माणसाच्या तेवीसपटींहून अधिक होता. दुसरे असे की लस घ्यायला ज्येष्ठच अधिक संख्येने गेले होते. त्यामुळे लसवंतांच्या गटात पन्नाशीपुढील माणसे शेकडा 38 होती आणि लस न घेतलेल्यांच्या गटात शेकडा 14. म्हणजे एकत्रित तुलनेत आपण लशीच्या बरोबरीने म्हातारपणाचीही तुलना करत होतो, आणि म्हातारपण लशीच्या विरुद्ध बाजूने ओढत होते. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

यावरचा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना एकच वयोरचना देणे. या दोन्ही गटांची मिळून पन्नाशीच्या आतील लोकसंख्या सुमारे 46.2 लाख आणि पुढील 23.2 लाख होती. ही सगळी लोकसंख्या लशीविना असती, तर वर दिलेल्या दरांनी (पुढचे दशांश न गाळता) सुमारे 178 आणि 2,132, मिळून साधारण 2,310 गंभीर रुग्ण झाले असते. सगळे लसवंत असते, तर 15 आणि 315, म्हणजे सुमारे 330. परिणामकारकता जवळजवळ 86 टक्के. ज्यांना हा परिच्छेद जड गेला असेल त्यांनी 2,310 आणि 330 एवढ्या दोनच संख्या लक्षात ठेवल्या तरी चालेल.

छेद विसरण्याची ही सवय केवळ लसविरोधकांची नाही. 2020मध्ये आपल्या सोसायट्यांमधून आर्सेनिक अल्बमच्या होमिओपॅथिक गोळ्या वाटल्या गेल्या, काढ्यांच्या पाककृती फिरल्या, आणि ‘आमच्याकडे सगळ्यांनी घेतल्या, कोणालाही काही झाले नाही’ अशी ग्वाही दिली गेली. कोविड झालेल्या शंभरांतील नव्वदहून अधिक माणसे कोणत्याही गोळीविना बरी होणारच होती; तेव्हा गोळी न घेतलेल्यांचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय या ग्वाहीला अर्थ नाही. दुसरीकडे, ऑक्टोबर 2021मध्ये राज्य सरकारने लसीकरण मोहिमेला ‘मिशन कवच कुंडल’ असे नाव दिले. कर्णाचे कवच अभेद्य होते. लस तशी नसते. नाक आणि घशात विषाणूला अडवणारी प्रतिपिंडे काही महिन्यांत विरळ होतात, म्हणून लसवंतालाही संसर्ग होतो. पण विषाणूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी आणि संसर्ग झालेल्या पेशींना मारणाऱ्या टी-पेशी मागे राहतात, आणि त्यांना कामाला लागायला दोन-चार दिवस मिळतात, कारण घशातील संसर्ग फुप्फुसात उतरून जिवावर बेतायला बहुधा आठवडा लागतो. ही मधली मुदत मृत्यू टाळते, संसर्ग टाळत नाही. अभेद्यतेची जाहिरात केल्यावर पहिल्याच सर्दी-तापाला लोकांचा विश्वास उडाला, यात नवल नाही.

उलट दिशेनेही फसगत होऊ शकते. अंथरुणाला खिळलेला, शेवटचे दिवस मोजणारा रुग्ण लसीकरण केंद्रावर जातच नाही. तो लस न घेतलेल्यांत गणला जातो आणि लस आहे त्याहून अधिक गुणकारी दिसते. ही भेसळ मुळातच टाळायची, तर छेद आधी ठरवावे लागतात. प्लेगच्या लशीचे जनक वाल्डेमार हाफकिन यांनी 1898मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना टोचली नाही, म्हणजे घर तेच, अन्न तेच आणि उंदीरही तेच राहिले. आजच्या नैतिक कसोट्यांवर हा प्रयोग उतरणार नाही, पण तुलना म्हणून तो फार स्वच्छ होता. कोविड लशींच्या चाचण्यांत वीस-चाळीस हजार स्वयंसेवक असूनही मृत्यू इतके थोडे झाले की लस मृत्यू किती टाळते, हे त्यांतून नेमके कळणे शक्यच नव्हते. ते लोकसंख्येच्या आकड्यांतूनच वाचावे लागले.

हाँगकाँगने ते फार क्लेशदायक रीतीने वाचायला लावले. तेथे दोन वर्षांत जेमतेम दोनशे मृत्यू झाले होते, पण ऐंशीपुढील बहुसंख्यांनी दोन डोस घेतलेले नव्हते. 2022च्या सुरुवातीला ओमायक्रॉन आला आणि काही महिन्यांत सुमारे 9,000 माणसे गेली, त्यांतील बहुतेक वृद्ध होती. जगाचा एकत्रित हिशेब लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2022मध्ये मांडला. त्यांच्या प्रतिमानानुसार लसीकरणाच्या पहिल्या वर्षात जगभर सुमारे 1.98 कोटी मृत्यू टळले, आणि त्यांतील सुमारे 42 लाख भारतात. हे मोजलेले आकडे नसून गणिती अंदाज आहेत. नोंदलेले कोविड मृत्यू घ्यावेत की सर्व कारणांनी झालेले अतिरिक्त, म्हणजे एरवीपेक्षा जास्तीचे मृत्यू, यावरही ते अवलंबून असतात. नोंदलेले मृत्यूच धरले, तर जगाचा आकडा 1.44 कोटींवर येतो.

हे सगळे मी टेकडीवरच्या अभियंत्यांना कागदावर मांडून दाखवले. त्यांनी बेरजा तपासल्या, भागाकार पुन्हा करून पाहिले आणि विचारले, ‘पन्नाशीपुढचे सगळे तुम्ही एकाच टोपलीत कसे टाकलेत? एक्कावन्न आणि पंच्याऐंशी एकच का?’ त्यांचा आक्षेप रास्त आहे. दहा-दहा वर्षांचे गट पाडले की प्रत्येक गटाची टक्केवारी थोडी वेगळी येते, आणि उद्या तोच कागद घेऊन आम्ही पुन्हा बसणार आहोत.