बीआयपी संपादकांची निवड

बिटकॉइनच्या नियमांत किंवा वॉलेटच्या (बिटकॉइन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कामकाजात बदल सुचवणाऱ्या लेखी प्रस्तावाला 'बिटकॉइन इम्प्रूव्हमेंट प्रपोजल', म्हणजेच बीआयपी म्हणतात. हे प्रस्ताव तपासून, क्रमांक देऊन गिटहब या संकेतस्थळावरच्या सामाईक साठ्यात दाखल करून घेणारे स्वयंसेवक म्हणजे बीआयपी संपादक. आमिर ताकी यांनी २०११ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या अशाच पद्धतीवरून ही व्यवस्था सुरू केली. पहिले संपादकही तेच. त्यांच्यानंतर हे काम ग्रेगरी मॅक्सवेल आणि मग ल्यूक डॅशज्युनियर यांच्याकडे आले.

संपादक प्रस्ताव मंजूर करत नाही, हे आधी नीट लक्षात घ्यायला हवे. त्याने काय पाहायचे ते २०१६ च्या बीआयपी २ मध्ये लिहिले गेले: मसुदा पूर्ण आणि तांत्रिकदृष्ट्या सुसंगत आहे का, शीर्षक मजकुराला धरून आहे का, बदलामागचे कारण आणि जुन्या सॉफ्टवेअरवरचा परिणाम सांगितला आहे का, मजकुराच्या वापराचा परवाना चालण्यासारखा आहे का. कल्पना त्याला स्वतःला पटली का, हा प्रश्न त्यात येत नाही. नव्या मसुद्याच्या माथ्यावर क्रमांकाच्या जागी '?' असते. ते पुसून तिथे आकडा घालणे, एवढाच खरा अधिकार.

तेवढाही पुष्कळ आहे. वॉलेट उघडताना कागदावर उतरवून घ्यायचे बारा किंवा चोवीस शब्द 'अबॅन्डन' ते 'झू' अशा २०४८ इंग्रजी शब्दांच्या यादीतून येतात, आणि ती पद्धत जगभर ओळखली जाते ती 'बीआयपी ३९' या नावानेच. क्रमांक नसलेल्या प्रस्तावाचा संदर्भ देणेही अवघड होते. म्हणून लेखकाने स्वतः क्रमांक घेऊ नये असा नियम आहे. तरीही ओपी_कॅट ही बिटकॉइनमधून पूर्वी काढून टाकलेली आज्ञा परत आणू पाहणाऱ्यांनी आपल्या प्रस्तावाला परस्पर '४२०' म्हणायला सुरुवात केली. एप्रिल २०२४ मध्ये त्याला रीतसर मिळाला तो ३४७.

संपादक निवडायला मतदान नाही, मुदत नाही, नेमणूक करणारे मंडळही नाही. विकासकांच्या उघड चर्चेत नावे पुढे येतात, लोक पाठिंबा किंवा हरकत नोंदवतात, आणि ढोबळ सहमती दिसली की नाव जोडले जाते. २०२४ च्या सुरुवातीला प्रत्यक्ष काम पाहणारे डॅशज्युनियर एकटेच होते आणि प्रस्ताव तुंबले होते. बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या देखभालकर्त्या अॅव्हा चाऊ यांनी फेब्रुवारीत नवे संपादक घेण्याचा विषय काढला. एप्रिलमध्ये ब्रायन बिशप, जॉन अॅटॅक, मार्क एरहार्ट (मर्च), ओलाओलुवा ओसुंटोकुन आणि रुबेन सोमसेन असे पाच जण डॅशज्युनियर यांच्या जोडीला आले. या कामाला तांत्रिक जाण लागतेच, पण खरी कसोटी वेगळी आहे: ज्या प्रस्तावाला आपला कडाडून विरोध आहे, त्यालाही हा माणूस वेळेवर क्रमांक देईल का? एकाहून जास्त संपादक हवेत ते याचसाठी. एक अडला, आजारी पडला किंवा एखाद्या प्रस्तावाचा स्वतःच लेखक असला, तर दुसऱ्याला तो हातात घेता येतो.

हा भार किती जड होऊ शकतो, ते इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो-नेटवर्कमध्ये दिसले. तिथल्या ईआयपी, म्हणजे 'इथेरियम इम्प्रूव्हमेंट प्रपोजल' पद्धतीचा साचा बीआयपीवरूनच घेतलेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये अडकलेले पैसे सोडवण्याची वाट आखणारा ईआयपी ८६७ पुढे आला. तो दाखल करून घेतल्याने जपानी कायद्याचा भंग होईल अशी शंका येऊन योइची हिराई यांनी संपादकपद सोडले. केवळ कारकुनी म्हणावे अशा कामाची जबाबदारी शेवटी एका माणसाच्या नावावर येते, ती अशी.

बीआयपी २ ची जागा घेण्यासाठी मर्च यांनी पुढे बीआयपी ३ लिहिला. संपादकाला स्वतःचा निवाडा लावावा लागतो अशा जागा कमी करणे, हा त्यामागचा एक हेतू आहे.