रुंद टायर घातले की गाडी रुतत नाही?

‘जीपला जितके रुंद टायर, तितकी ती चिखलात कमी रुतते’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण रुंद फळीवर उभं राहिलं की पाय रुतत नाही, हे आपण पाहिलेलं असतं.

पण फळी टणक असते, टायरमध्ये हवा असते. जमिनीला टेकणारा भाग किती, हे मुख्यतः भार आणि हवेचा दाब ठरवतात. २,००० किलोच्या गाडीत एका चाकावर साधारण ५०० किलो येतात. टायरमधल्या हवेचा दाब पीएसआयमध्ये (चौरस इंचाला किती पाउंड) मोजतात; ३० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे २.१ किलो. म्हणजे टेकलेला भाग जवळपास २४० चौरस सेंटिमीटर. त्याच दाबाचा रुंद टायर घातला, तर ठसा आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. दाब १८ केला, तर जुनाच टायर ४०० च्या आसपास टेकतो. टायरच्या कडा ताठ असल्याने प्रत्यक्ष आकडे थोडे हलतात.

घरीच पाहा. फरशीवर गाडी उभी करून चाकाभोवती रांगोळी भुरभुरा, गाडी पुढे घ्या, कोरा राहिलेला ठसा मोजा. मग हवा कमी करून पुन्हा मोजा.

पातळ चिखलाखाली कडक जांभा असेल, तर अरुंद टायर चिखल कापून तळाला पोहोचतो. रुंद टायर तिथे वर तरंगून घसरतो. वाळूत दाब कमी करणंच जास्त उपयोगाचं. डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी मात्र हवा भरून घ्या, नाहीतर टायर तापतो.