पंधरा लीटरचा डबा म्हणजे पंधरा किलोचा डबा न्हवं

सामान भरायचा आठवडा आला की घरोघरी तेच सुरू. कोणतरी सांगतंय बेळगावच्या रविवार पेठेत सूर्यफूल तेलाचा पंधराचा डबा २१०० ला मिळायलाय, लगेच दुसरी म्हणते आमच्याकडनं तर २२५० घेतले, लुटायलेत नुसते, मग तिसरी महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजच्या बहिणीला फोन लावून तिथला भाव काढते आणि शेवटी सगळ्या मिळून ठरवतात की बेळगावात तेल महाग आहे. (भाव मी समजुतीसाठी धरलेत, आजचे म्हणून घेऊ नका.) पण पंधरा काय? लीटर की किलो? हे एकपण माणूस विचारत नाही. घरात बारा-तेरा माणसं, मिळवणारे दोन-तीन, आणि कोथिंबिरीच्या पेंडीवर रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी आपण बायका तेलाच्या डब्यावर मात्र डोळे झाकून पैसे देतो.

किलोबद्दल मी काय सांगत बसत नाही. काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, झालं. बाजारात जाणाऱ्या लहान पोरालापण कळतंय.

घोळ लीटरचा आहे. लीटर म्हणजे जागा, भांड्यात किती मावलं ते. आपल्याकडं चिरमुरे अजून मापानं घेतात, आणि एक मापटं चिरमुरे नि एक मापटं जोंधळे यांचं वजन सारखं असतंय असं कोण म्हणेल का? माप तेच, पण एक हातात उचलल्यावर कळतपण नाही आणि दुसऱ्यानं पिशवी ताणली जाते. तेलाचंपण तसंच, फरक एवढा मोठा नाही म्हणून डोळ्याला दिसत नाही इतकंच. शाळेत शिकवलेलं १ लीटर म्हणजे १ किलो, ते पाण्याचं. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तर रश्श्यावर तवंग वर येतोय. १ लीटर तेल भरतंय साधारण ९१० ग्रॅम. शेंगतेल, सूर्यफूल, सोयाबीन, कुठलंपण घ्या, पाच-दहा ग्रॅम इकडं तिकडं.

आता डब्याचा हिशोब बघा. १५ लीटरच्या डब्यात तेल असतंय १३ किलो ६५० ग्रॅम. १५ किलोच्या डब्यात १५ किलो, म्हणजे लीटरमध्ये साडेसोळाच्या जवळ. दोन्ही डबे चौकोनी, दोन्ही पत्र्याचे, दुकानात एकावर एक रचलेले, आणि दुकानदार दोन्हीला "पंधराचा डबा"च म्हणतो. वर समजुतीसाठी धरलेला २१०० चा डबा लीटरचा असेल तर किलोला पडला १५४ रुपये. २२५० चा डबा किलोचा असेल तर किलोला १५०. म्हणजे जिला वाटत होतं आपण लुटले गेलो तीच स्वस्तात आणून बसलेली, आणि जी दीडशे रुपये वाचले म्हणून खुश होती तिनं किलोमागं चार रुपये जास्त घातलेले.

चार रुपयांनी काय होतंय असं वाटेल, पण खरा मार पुढं आहे. लीटरच्या डब्यात सव्वा किलोवर तेल मुळात कमी आलेलं असतंय, त्यामुळं मोठ्या घरात डबा दोन-तीन दिवस आधीच तळाला लागतो. मग महिनाअखेरीला, हातात पैसे नसताना, कोपऱ्यावरच्या दुकानातनं सुटे पाउच आणायचे, तेपण छापील किमतीला. आणि बोलणी कुणाला? धाकट्या सुनेला. "हात सैल आहे हिचा, फोडणीत तेल ओततेय नुसती." अरे डबाच लहान आणलाय की तुम्ही! मला सगळ्यात राग याचा येतो. लोक डब्यावरचा आकडा वाचत नाहीत आणि तेल कुणी संपवलं त्याची चौकशी लावतात.

तोंडी हिशोब करायचा असेल तर सोपं आहे, लीटरच्या भावात त्याचाच दहावा हिस्सा मिळवा, किलोचा भाव आला. १४० रुपये लीटर म्हणजे १४० अधिक १४, १५४ रुपये किलो. अगदी पैशापर्यंत बरोबर नाही पण दुकानात उभं राहून करायला पुरे. आणि तुलना नेहमी किलोतच करायची, लीटरमध्ये नको. तेल गरम झालं की फुगतंय, म्हणून त्याच लीटरमध्ये वजन कमी भरतंय. सोयाबीनचं १ लीटर तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतंय आणि तेच ६० अंशाला ८९३ च्या आसपास. काही कंपन्या पाकिटावर लीटरपुढं तापमान बारीक अक्षरात छापायच्या, आणि जास्त तापमान धरलं की त्याच लीटरमध्ये तेल कमी बसायचं. म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं सांगितलं की तापमान न लिहिता लीटरबरोबर वजनपण छापा, त्याला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिलेली. तेव्हा आता लीटरच्या पाकिटावरपण ग्रॅमचा आकडा असतोय, तो शोधायचा. मोठ्या अक्षरातलं सोडा, नेट लिहिलंय तिथं बघा. ज्यांना फक्त मराठी वाचता येतं त्यांनीपण घाबरायचं कारण नाही, लेबल कन्नडमध्ये असो नाहीतर इंग्रजीत, आकडे तेच असतात.

पाउचचा घोळ तर याच्यापेक्षा वाईट. आधी तेल ठरावीक मापातच भरायला लागायचं, अर्धा, एक, दोन, पाच असं. २०२१ च्या नोव्हेंबरात ती ठरावीक मापांची यादीच काढून टाकायचा नियम आला आणि मग ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅम, ७५० ग्रॅम असले पाउच सुरू झाले. पाउचचा आकार तोच, चित्र तेच, शेल्फवर लीटरच्या शेजारीच ठेवलेले. समजा लीटरचा पाउच १४२ ला आणि ८५० ग्रॅमचा १३५ ला. सात रुपये वाचले म्हणून कोणपण दुसराच उचलेल. पण लीटरचा किलोला पडला १५६ आणि ८५० वाला १५९ च्या जवळ. त्याच नियमात कंपन्यांनी एककाचा भाव, म्हणजे एका ग्रॅमला नाहीतर एका मिलीला किती पडले ते, छापायचा असंपण आलं, ते चांगलंच झालं म्हणा, पण तिथंपण गंमत आहे, एकावर भाव ग्रॅमचा आणि दुसऱ्यावर मिलीचा असेल तर ते दोन आकडे शेजारी ठेवून काय उपयोग? मिलीचा आकडा नेहमी लहानच दिसणार. तिथंपण आधी दहावा हिस्सा मिळवा, मग बघा. ८५० वाले पाउच मी घरात येऊ देत नाही, कितीपण ऑफर असू दे.

आणि ते महाराष्ट्रात तेल स्वस्त मिळतंय म्हणायचं प्रकरण. निपाणीकडचे कागलला जातात, आपल्या बेळगाव तालुक्यातले चंदगड-गडहिंग्लजच्या पाव्हण्यांचे भाव सांगतात. बघा, खाद्यतेलावर जीएसटी इकडं कर्नाटकात ५ टक्के, तिकडंपण ५ टक्केच. कुठल्या दुकानदाराचा माल आधीचा, कुणाची खरेदी मोठी, त्यानं थोडा फरक पडतोय, नाही म्हणत नाही. पण डब्यामागं दीडदोनशे रुपयांचा फरक कोणी सांगितला की आधी विचारा, लीटरचा का किलोचा. एसटीचं तिकीट काढून, डबा मांडीवर घेऊन आलेली माणसं मी बघितलीत, आणि डबा लीटरचा निघालाय.

रिफाइंड का फिल्टर, जार का पत्र्याचा डबा, हे वाद मला फार महत्त्वाचे वाटत नाहीत. चवीला फोडणीत शेंगतेल, बाकीला सूर्यफूल, तळणीचं वेगळं, ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणं. जार दिसायला बरा आणि ओतायला सोपा, पण बहुतेक ५ लीटरचा, म्हणजे साडेचार किलो. एवढं लक्षात ठेवलं की झालं. मोठ्या घराला मी सांगेन १५ किलोचा डबाच घ्या, फोडल्यावर लागेल तेवढं किटलीत काढा आणि बाकीचं झाकून अंधारात ठेवा.

तुपालापण हाच हिशोब. गावातली मावशी लोणी कढवून तूप देते ती किलोनं, दुकानातली बरणी लीटरची, आणि लीटरभर तूप ९०० ग्रॅमच्या थोडंसंच वर भरतंय. मावशीला महाग म्हणण्याआधी तेवढं बघा. दुधाला मात्र डोकं लावू नका, १ लीटर दूध १ किलो ३० ग्रॅम भरतंय, फरक पडत नाही. दुधात पिशवीचं माप बघायला लागतंय, जून २०२४ मध्ये कर्नाटकातल्या नंदिनी दूधवाल्यांनी अर्ध्या नि एक लीटरच्या पिशवीत ५० मिली जादा घालून २ रुपये वाढवले तेव्हा बऱ्याच जणांना नुसती दरवाढच दिसली, आणि एप्रिल २०२५ मध्ये माप परत जुनं झालं नि लीटरमागं ४ रुपये वाढले तेव्हा जादाचे ५० मिली गेले हे कोण बोललंच नाही.

काकवीचं उलटं. ती पाण्यापेक्षा जड, लीटरची बाटली १ किलो ३५०-४०० ग्रॅम भरते. गुऱ्हाळावर एकानं किलोचा भाव सांगितला आणि शेजारच्यानं तेवढाच लीटरचा, तर लीटरवाल्याकडं जा.

राहिलं सुटं तेल. खाद्यतेल सुटं विकायला कायद्यानं बंदी आहे, राज्यानं सूट दिली असेल तेवढंच चालतं, आणि ते उगाच नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेलं, साठाच्या वर माणसं गेली. त्यामुळं कुठल्यातरी पिंपातनं काढून देणाऱ्याकडनं किलोमागं पाच रुपये कमी म्हणून घेऊ नका. घाण्यावर आपले शेंगदाणे घेऊन जाऊन समोर गाळून आणलंत तर गोष्ट वेगळी, अडीच-पावणेतीन किलो दाण्याला किलोभर तेल पडतंय आणि पेंड म्हशीला होते. तिथं फक्त रिकामा कॅन आधी काट्यावर ठेवून त्याचं वजन झाकणावर पेनानं लिहून घ्या, नाहीतर प्लास्टिकपण तेलाच्या भावात जातंय. आणि घाणेवाल्यानं "पाच लीटरचा कॅन भरला, म्हणजे पाच किलो" म्हटलं तर परत काट्यावर ठेवायला सांगा. साडेचारच्या थोडंसं वर भरेल.