ग्रामीण कृषी कार्यानुभव (कोकण)

कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षी, बहुधा सातव्या सत्रात, विद्यार्थ्यांनी गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करण्याचा अभ्यासक्रमाचा भाग. विद्यार्थ्यांच्या बोलीत याला ‘रावे’ (इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून, RAWE) म्हणतात. मुले ‘कृषिदूत’ आणि मुली ‘कृषिकन्या’ म्हणून गावात ओळखली जातात. कार्यक्रम देशभर चालतो. प्रस्तुत नोंद दापोली (जि. रत्नागिरी) येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रापुरती आहे.

विद्यापीठ : स्थापना १८ मे १९७२, परभणीचे कृषी विद्यापीठही त्याच दिवशीचे. मात्र संस्थेचे वय कोठून मोजायचे याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. दापोलीचे कृषी महाविद्यालय १९६५ चे. त्याआधीच भाट्ये (१९५५) येथे नारळावर आणि वेंगुर्ले (१९५७) येथे फळझाडांवर संशोधन सुरू झाले होते आणि कर्जतचे भात संशोधन केंद्र तर १९१९ पासूनचे आहे. कायद्याच्या दृष्टीने १९७२ हेच वर्ष धरावे लागते. पण ज्या ज्ञानाच्या शिदोरीवर विद्यार्थी गावात जातो, ती या जुन्या केंद्रांत जमत आलेली आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. माजी कृषिमंत्री बाळासाहेब सावंत यांचे नाव विद्यापीठाला २००१ मध्ये जोडले गेले. कृषी, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी, वनशास्त्र आणि मत्स्यशास्त्र या मुख्य शाखा होत. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय पूर्वी या विद्यापीठाकडे होते. नागपूरचे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ निघाल्यावर ते तिकडे गेले. शिरगाव (रत्नागिरी) येथील मत्स्य महाविद्यालय (१९८१) दापोलीकडेच राहिले.

संकल्पनेचा उगम : याविषयी मतभेद आहेत. कार्यक्रमाचे आजचे रूप सामान्यतः कृषिशिक्षणाविषयीच्या रंधावा समितीच्या शिफारशींशी (१९९२) जोडले जाते. काही अभ्यासक मूळ आणखी मागे नेतात. एक मत वर्धा येथील १९३७ च्या, गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणयोजनेपर्यंत जाते. हाताने करावयाचे काम हेच तेथे शिक्षणाचे माध्यम होते. दुसरे मत पंतनगरच्या (१९६०) विद्यापीठाकडे बोट दाखवते. त्याची घडण अमेरिकेतील ‘लँड-ग्रँट’ (सरकारी जमिनीच्या अनुदानावर उभ्या राहिलेल्या) विद्यापीठांच्या नमुन्यावर झाली आणि अध्यापन, संशोधन व विस्तार (ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवणे) ही तीन कामे एकाच छपराखाली आली. तिसरे मत शब्दावर भर देते : ‘कार्यानुभव’ ही संज्ञा कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) अहवालानंतर मराठी शिक्षणव्यवहारात रूढ झाली आणि प्रत्येक राज्यात निदान एक कृषी विद्यापीठ असावे, ही शिफारसही त्याच अहवालातली. नयी तालीमशी असलेले नाते आशयाचे आहे, प्रशासकीय परंपरेचे दिसत नाही. त्यामुळे शब्द कोठारी आयोगाचा आणि चौकट विस्तारशिक्षणाची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. २०१५ नंतर हा कार्यक्रम ‘स्टुडंट रेडी’ या राष्ट्रीय योजनेखाली आला आणि त्याला कृषिउद्योगातील अनुभवाची जोड मिळाली.

गावातील काम : सुरुवात शिवारफेरीने आणि गावाच्या नकाशाने होते. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या अंगणात रांगोळीने वाड्या, पऱ्हे (ओहोळ), विहिरी आणि वरकस (उताराची, हलकी) जमीन रेखाटतात. चुका गावकरीच दाखवून देतात. नकाशाचा खरा उपयोग तेवढ्यासाठीच असतो. पुढे माती परीक्षण, बीजप्रक्रिया, कलमे बांधणे अशी प्रात्यक्षिके होतात. घाटावरून आलेल्या विद्यार्थ्याला येथे शब्दही नव्याने शिकावे लागतात : भाताचे रोप कुठे आवण, कुठे तरवा; रोपवाटिकेची जागा भाजण्याला उत्तरेकडे राब, दक्षिणेकडे भाजावळ.

चारसूत्री भातलागवड हा या प्रात्यक्षिकांतला सर्वांत तपशिलाचा विषय. पहिले सूत्र भाताच्या तुसाची राख व पेंढा पुन्हा शेतात घालण्याचे, दुसरे गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलात गाडण्याचे. तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे. दोरीला १५ आणि २५ सेंमी. अंतरावर आळीपाळीने खुणा करतात. ओळींतील अंतरही तसेच आलटून-पालटून ठेवतात. त्यामुळे दर चार चुडांचा (चूड म्हणजे एका जागी लावलेली रोपे) १५ × १५ सेंमी.चा एक चौकोन तयार होतो आणि दोन चौकोनांमध्ये २५ सेंमी.ची वाट राहते. चौथ्या सूत्रानुसार त्या चौकोनाच्या मधोमध युरिया-डीएपीची सुमारे २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सेंमी. खोल खोचतात. चूड सरासरी २० सेंमी.वर पडल्याने हेक्टरी अडीच लाख चूड, म्हणून ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १६९ किलो खत. कोकणात हे का महत्त्वाचे, ते दापोलीच्या पावसात उभे राहिले की कळते : हंगामात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते, आणि फेकलेला युरिया बांधावरून पऱ्ह्यात जातो. गोळीतले नत्र चिखलाच्या ऑक्सिजनविरहित थरात अमोनियम रूपात टिकते व मुळांना हळूहळू मिळते. अडचण मजुरीची आहे. दोरी धरून लावणी सावकाश होते, आणि पावसाने उघडीप दिली तर लावणीवाल्या बायांना एका दिवसात खाचर पुरे करायचे असते.

फळझाडांत कोय कलम आवर्जून शिकवतात : कोय रुजून आलेल्या, अजून तांबूस पाने असलेल्या रोपावर हापूसची काडी बांधायची. काजूसाठी मृदुकाष्ठ कलम (कोवळ्या फांदीवर बांधलेले). वेंगुर्ल्याच्या काजू जाती (वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७), नीलम व हापूस यांच्या संकरातून आलेला, साक्यापासून (गर आतून पांढरट व स्पंजासारखा होण्याच्या दोषापासून) मुक्त ‘रत्ना’ आंबा (१९८१) आणि ‘कोकण अमृता’ कोकम यांची माहिती याच काळात वाड्यांवर पोचते. देठासकट आंबा उतरवणारा ‘नूतन झेला’ तर बागायतदारांच्या हातात इतका रुळला आहे की तो विद्यापीठाचा हे सांगावे लागते.

गावाशी नाते : कार्यानुभवाचा काळ खरिपात येत असल्याने गणेशोत्सव त्याच्या आतच पडतो. कोकणात याला विशेष अर्थ आहे. सातबाऱ्यावर ज्यांची नावे, ते बहुतेक मुंबईत. शेत प्रत्यक्षात आई, काकी, वहिनी करतात. लावणीच्या दिवसांत विद्यार्थ्यांचे ऐकणाऱ्या, आणि त्यांना रीतसर चिखलणी शिकवणाऱ्या, याच बाया असतात. जुन्या कलमांची छाटणी किंवा वरकस जमिनीवर काजूलागवड यांचा निर्णय मात्र चाकरमानी घरी आल्यावर, आरतीनंतरच्या ओटीवर होतो. म्हणून लागवडीविषयी बोलायचे तर या दिवसांसारखी दुसरी वेळ नाही. मूल्यमापन रोजनिशी, अहवाल आणि तोंडी परीक्षेवर होते. ओटीवरच्या त्या बोलण्याला गुण नसतात, ते असायला हवेत.

मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे वेळापत्रक वेगळे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असल्याने बंदरावरचे काम त्यानंतर, नारळी पौर्णिमेच्या सुमारास, होड्या पाण्यात लोटल्यावर रंगात येते.